घरचा संगणक घेण्यापूर्वी



दसरा-दिवाळी जवळ आली की आमच्या कार्यालयात एक प्रश्न हमखास येतो. "सर, मुलीला कॉम्प्युटर घ्यायचा आहे, कोणता घेऊ?" काही पालक खरेदीच्या आधी विचारतात, तर बरेचसे खरेदी झाल्यावर येतात. आधी येणाऱ्यांना दोन गोष्टी सांगता येतात. नंतर येणाऱ्यांचे फक्त ऐकून घ्यावे लागते. म्हणून या अंकात या विषयावर सविस्तर लिहावे असे ठरवले.

प्रथम नमूद करतो की आम्ही संगणकाचे तज्ज्ञ नव्हे. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून, तेही कला शाखेत झाले. नोकरी लागेपर्यंत संगणकाला हातही लावला नव्हता. जे काही शिकलो ते शाळेसाठी खरेदी करताना, आणि खरे सांगायचे तर चुका करून शिकलो. त्यांतील एक चूक आधी सांगतो.

२००९ साली आपल्या कार्यालयासाठी दोन संगणक घेतले. दुकानदार बोलायला फार गोड. "सर, सब डाल के दे रहा हूँ, आपको कुछ खरीदना नहीं पड़ेगा," असे म्हणाला. आम्ही खूश! विंडोज, ऑफिस, टायपिंगचे सॉफ्टवेअर, सगळे फुकट मिळाले असे वाटले. त्या सगळ्या नकली प्रती होत्या, त्यामुळे त्यांना अपडेट मिळत नसत. दीड वर्षाने, ऐन मार्चमध्ये, एका पेनड्राइव्हमधून व्हायरस आला आणि तीन वर्गांचे निकालपत्रक गेले. शिक्षकांनी दोन रात्री जागून उत्तरपत्रिकांवरून सगळे गुण पुन्हा हाताने उतरवले. फुकट मिळालेल्या सॉफ्टवेअरची किंमत आम्ही अशी चुकवली.

दुसरा प्रसंग गेल्या दिवाळीनंतरचा. आठवीतील एका विद्यार्थ्याचे वडील नवा लॅपटॉप घेऊन आले. भिशीचे पैसे उचलून मॉलमधून घेतलेला. महिन्याभरातच तो रडतखडत चालू लागला आणि 'जागा शिल्लक नाही' असे सांगू लागला. मुलाने प्रकल्पाची फाईल उघडली तर ती वाचता येत होती, पण एक अक्षर बदलता येत नव्हते. यंत्रात बिघाड मुळीच नव्हता. ते त्या कामासाठी बनलेलेच नव्हते, आणि ऑफिसची एक महिन्याची चाचणी मुदत संपली होती. दोन्ही गोष्टी खोक्यावर छापलेल्या होत्या, पण वाचायच्या कशा हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. यापुढे आपल्या कोणा पालकांवर ही वेळ येऊ नये, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आधी काम, मग यंत्र

आपल्या इंदुरात खरेदीच्या जागा भरपूर आहेत. एम.जी. रोड आणि ए.बी. रोडवरचे मॉल आहेत, संगणकाच्या दुकानांसाठी आर.एन.टी. मार्गावरील सिल्व्हर मॉल आहे, इलेक्ट्रॉनिक्ससाठी जेल रोड आहे. मॉलमधील मोठ्या दुकानाचा फायदा असा की यंत्र हाताळून बघता येते, पक्के बिल मिळते आणि पाच कंपन्या एका ओळीत दिसतात. तोटाही तोच. एका ओळीत पन्नास पडदे चमकत असले की आपण काय घ्यायला आलो होतो याचाच विसर पडतो. मागे उभा असलेला सेल्समन मुलगा मदत करतो हे खरे, परंतु कधी कधी त्याला एखाद्या विशिष्ट कंपनीचा माल खपवायचे लक्ष्य दिलेले असते. त्यात त्याचा दोष नाही. आपली तयारी नसेल तर मात्र दोष आपला.

म्हणून घरून निघण्यापूर्वी एका कागदावर तीन ओळी लिहाव्यात. संगणक कोण वापरणार? त्यावर कोणती कामे होणार? एकूण पैसे किती? 'एकूण' या शब्दाखाली रेघ ओढावी, कारण माउस, बॅग, प्रिंटर, इंटरनेट आणि डेस्कटॉप असेल तर यूपीएस, हे सगळे त्याच पैशांत बसवायचे असते. यंत्रातच सगळे पैसे संपवले तर पुढे हात आखडावा लागतो.

शाळेच्या कामाला काय लागते हे आम्ही सांगू शकतो. निबंध व प्रकल्प टंकित करणे, तक्ते, सादरीकरण, इंटरनेटवर माहिती शोधणे, व्हिडिओ धडे बघणे आणि वरच्या वर्गात थोडे प्रोग्रॅमिंग. एवढ्यासाठी खेळांचा, लाल-निळ्या दिव्यांचा महागडा लॅपटॉप लागत नाही. नाकापेक्षा मोती जड कशाला? मुलगा एका जागी बसून अभ्यास करणार असेल तर डेस्कटॉप बरा. बिघडल्यास त्याचे सुटे भाग बदलता येतात. घरात जागा कमी असेल किंवा वीज वारंवार जात असेल तर लॅपटॉप बरा.

पाटीवरचे आकडे

दुकानात प्रत्येक यंत्राजवळ एक छोटी पाटी असते. तिच्यातील चार गोष्टी वाचता आल्या तरी पुष्कळ झाले.

१. प्रोसेसर. 'आय-थ्री', 'आय-फाइव्ह' एवढेच ऐकून भुलू नये. त्याच्या पुढचा आकडा बघावा, त्यावरून पिढी कळते. आय-५ ६२०० हा सहाव्या पिढीचा, आणि आय-३ १२१५ हा बाराव्या पिढीचा. नावात पाच असूनही पहिला जुना आहे आणि तीनवाला त्याच्या कितीतरी पुढे आहे. २०२३ च्या शेवटी इंटेलने आपल्या नव्या प्रोसेसरच्या नावांतून 'आय' हे अक्षर काढायला सुरुवात केली. त्यामुळे 'कोअर ५' किंवा 'कोअर अल्ट्रा' अशी नावे दिसली तर गोंधळून जाऊ नये.

ही पिढी बघणे जुने, कार्यालयांतून निघालेले संगणक घेताना विशेष महत्त्वाचे. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा मोफत सुरक्षा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यानंतरच्या विंडोज ११ साठी इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. सहाव्या-सातव्या पिढीच्या यंत्रावर कोणी "विंडोज ११ डाल देंगे" म्हणाला तर ती कंपनीला मान्य नसलेली पळवाट असते, हे ओळखावे.

२. रॅम. ही कामाची मेज समजावी. मेज लहान असेल तर एक वही उघडायला दुसरी मिटावी लागते. विंडोज ११ साठी कंपनीने किमान ४ जीबी सांगितली आहे, पण किमान म्हणजे जेमतेम. आमचा सल्ला ८ जीबीचा आहे. पुढे वाढवता येईल का, हेही विचारावे. काही लॅपटॉपमध्ये रॅम कायमची जोडलेली असते, ती वाढवता येत नाही.

३. साठवण. ही कपाटाची जागा. येथे 'एसएसडी' हा शब्द शोधावा. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कपेक्षा ती पुष्कळ वेगवान असते. स्वस्त लॅपटॉपवर कधी कधी '६४ जीबी ईएमएमसी' असे लिहिलेले असते. विंडोज ११ ची किमान अटच ६४ जीबीची आहे, म्हणजे विंडोज आणि त्याचे अपडेट यांतच कपाट भरत येते. वर सांगितलेल्या पालकांच्या यंत्रात नेमके हेच होते. निदान २५६ जीबी एसएसडी घ्यावी, जमल्यास ५१२. घरी आणल्यावर ५१२ ऐवजी सुमारे ४७६ दिसले तर फसवणूक झाली असे समजू नये. कंपनी हजाराच्या हिशेबाने मोजते, विंडोज १०२४ च्या हिशेबाने. तेवढाच तो फरक.

४. पडदा. हे माप कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरके घेतात. १५.६ इंच म्हणजे ३९.६ सेंटिमीटर. घेण्यापूर्वी पडद्यावर पांढरे पान उघडून काळी बारीक अक्षरे वाचून बघावीत. दुकानात मुद्दाम लावलेली रंगीत चित्रे कोणत्याही पडद्यावर छानच दिसतात.

प्रिंटर घेणार असाल तर यंत्राच्या किमतीबरोबर शाईची किंमत व त्यात किती पाने निघतात हेही विचारावे. यंत्र स्वस्त आणि शाई महाग, असा प्रकार पुष्कळ असतो.

न दिसणारी खरेदी

पूर्वी सॉफ्टवेअर म्हणजे फडताळावरचे खोके आणि त्यात सीडी. आता बहुतेक वेळा एक कार्ड मिळते, त्यावरचा अंक खरडून काढायचा. काही वेळा तेही नसते, सगळे यंत्रातच असते. दिसत नाही म्हणून तिकडे लक्ष जात नाही. काउंटरवर पुढील प्रश्न अवश्य विचारावेत.

विंडोज कंपनीकडूनच आलेले आहे का? यंत्र सुरू करून सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅक्टिव्हेशन' बघावे. तेथे 'अ‍ॅक्टिव्ह' असे दिसले पाहिजे.

ऑफिस आहे, तर कोणते? एक महिन्याची चाचणी, वर्षाची वर्गणी, की एकदाच पैसे देऊन कायमचे? तिन्हींना दुकानात "ऑफिस है ना सर" असेच म्हणतात. चाचणी किंवा वर्गणी संपली की फाईल वाचता येते, बदलता येत नाही. कायमचे असेल तर ते सुरू करताना आपलाच ई-मेल द्यावा. घाईघाईत सेल्समनने स्वतःच्या ई-मेलवर सुरू केले तर हक्क त्याच्या खात्यात जातो, आणि पुढे यंत्र दुरुस्त केले की आपण हात चोळत बसतो.

हे विकत घ्यायलाच हवे का? हा प्रश्न दुकानात कोणी सुचवणार नाही, म्हणून आम्ही सुचवतो. 'लिबरऑफिस' हे सॉफ्टवेअर पूर्णपणे मोफत आहे, आणि ते वापरण्यात कोणतीही चोरी नाही, कारण त्याच्या निर्मात्यांनीच ते सर्वांसाठी खुले ठेवले आहे. सीबीएसईच्या नववी-दहावीच्या माहिती तंत्रज्ञान विषयात तेच शिकवले जाते. अकरावी-बारावीच्या संगणक विज्ञानात असलेली 'पायथन' ही भाषाही मोफत मिळते. भूमितीसाठी 'जिओजेब्रा' आहे, त्यालाही विद्यार्थ्यांना पैसे पडत नाहीत. शाळेचा अभ्यास करायला सॉफ्टवेअरवर एक रुपयाही खर्च न करता भागू शकते.

अँटिव्हायरसचेही तसेच. पुण्याच्या कैलास आणि संजय काटकर या बंधूंनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या छोट्या दुकानापासून सुरुवात करून 'क्विक हील' उभे केले, याचा आपणा मराठी माणसांना अभिमान आहे. एके काळी असे सॉफ्टवेअर वेगळे घेणे जरुरीचेच होते. २०१२ च्या विंडोज ८ पासून मात्र विंडोजमध्येच अशी सोय दिलेली असते. साध्या घरगुती वापराला ती सुरू ठेवून अपडेट वेळेवर केले तरी चालते. त्याहून जास्त सोयी हव्या असतील तर जरूर विकत घ्यावे, परंतु "इसके बिना वारंटी नहीं मिलेगी" असे कोणी सांगितले तर ते लेखी मागावे.

नकली प्रतींबद्दल एक शब्द. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३-ब प्रमाणे नकली सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा आहे, आणि त्याला कैद व दंडाची तरतूद आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, परीक्षेत नक्कल करू नकोस असे आपण मुलाला सांगतो, आणि घरचा संगणक नकलेवर चालवतो, हे त्याला दिसत असतेच.

मराठीची सोय

आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरच्या घरांत हा विषय विशेष लक्षात ठेवायचा. येथे मध्य प्रदेशात कार्यालयीन टायपिंग पुष्कळ वर्षे कृतिदेव फाँटमध्ये चालले. आमचाही हात त्यावरच बसला. त्या जुन्या पद्धतीत संगणकाच्या लेखी ते अक्षर इंग्रजीच असते, फाँटने त्याला फक्त देवनागरीचा वेष दिलेला असतो. दुसऱ्या संगणकावर तो फाँट नसला की वेष उतरतो आणि पानभर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. या वार्तापत्रासाठी मुलांनी पाठवलेले कितीतरी लेख असे वाया गेले आहेत.

युनिकोड पद्धतीत प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, त्यामुळे लेख कोणत्याही यंत्रावर तसाच दिसतो. विंडोजमध्ये याची सोय आधीपासून असते, वेगळे पैसे पडत नाहीत. सेटिंग्जमध्ये भाषा जोडताना 'हिंदी' वर थांबू नये, 'मराठी' निवडावी. त्यात दोन कळपाट मिळतात. इंग्रजी अक्षरांवरून उच्चाराप्रमाणे लिहायचे फोनेटिक २०१९ पासून आले आहे, आणि दुसरे सरकारी प्रमाण असलेले इनस्क्रिप्ट. इनस्क्रिप्ट शिकायला आठ-दहा दिवस लागतात, पण एकदा जमले की हिंदी आणि मराठी दोन्ही त्याच कळांवर लिहिता येते. 'ल' च्या कळेवर शिफ्ट दाबले की 'ळ' येतो.

हा 'ळ' का सांगतो आहे? दोन वर्षांपूर्वी आपल्याच एका सूचनेत 'शाळा' चे 'शाला' छापले गेले. टंकन करणाऱ्या मुलाला 'ळ' सापडला नाही, आणि हिंदीत 'शाला' चालते म्हणून कोणाच्या लक्षातही आले नाही, आमच्याही नाही. एका आजोबांनी फोन करून विचारले, "सर, आपली शाळा कधीपासून शाला झाली?" त्यांना उत्तर देता आले नाही. घरच्या संगणकावर पहिल्याच दिवशी 'ळ' कुठे आहे हे मुलाला दाखवावे. नाहीतर बाळाचे बाल आणि कमळाचे कमल व्हायला वेळ लागत नाही.

किंमत, हप्ता आणि बिल

खोक्यावरची कमाल किरकोळ किंमत सर्व करांसह असते. "जीएसटी अलग से" असे कोणी म्हणाला तर मान्य करू नये. संगणकावर १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे ५०,००० रुपयांच्या खरेदीत सुमारे ७,६२७ रुपये कर असतो. यामुळेच काही ठिकाणी "बिल चाहिए या बिना बिल के?" असा प्रश्न येतो. बिनबिलाच्या मालाची तारीख सिद्ध करता येत नाही. त्यामुळे वॉरंटी अडते आणि तक्रारही लंगडी पडते.

'नो कॉस्ट ईएमआय' चा हिशेब कागदावर मांडावा. समजा, लॅपटॉप ४८,००० चा आहे. रोख घेतल्यास ३,००० ची सूट आहे, हप्त्याने घेतल्यास ४,००० चे बारा हप्ते. हप्तेवाला म्हणतो व्याज नाही. पण रोखीत तीच वस्तू ४५,००० ला मिळते, म्हणजे ते ३,००० हेच व्याज. शिवाय प्रक्रिया शुल्क किती, तेही विचारावे. हप्त्याने घेणे वाईट नाही. अडीनडीला तोच मार्ग असतो. मात्र किती जास्त देतो आहोत हे माहीत असावे.

पैसे देण्यापूर्वी खोके आपल्या समोर उघडायला लावावे. खोक्यावरचा, यंत्राच्या पाठीवरचा आणि बिलावरचा अनुक्रमांक एकच आहे ना, ते जुळवावे. चार्जरवर बीआयएसची खूण बघावी. वॉरंटी किती वर्षांची, घरी येऊन दुरुस्ती की आपण केंद्रावर न्यायचे, पडून फुटल्यास काय, हे विचारावे. वाढीव वॉरंटी घेतली तर ती कंपनीची की दुकानाची, हे बिलावर लिहून घ्यावे.

'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी बघून घाबरू नये. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सदोष माल परत घेण्यास नकार देणे आणि बिल न देणे या दोन्ही अनुचित व्यापार प्रथा आहेत. आधी दुकानात लेखी तक्रार द्यावी, नंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. तरीही काम झाले नाही तर आपण जेथे राहतो तेथील जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येते, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. मात्र या प्रत्येक पायरीवर पहिली मागणी बिलाचीच होते. घरी आल्याबरोबर बिलाचा फोटो काढून ठेवावा, कारण दुकानांच्या कागदावरची शाई वर्षभरात उडून जाते.

शेवटी

संगणक घरी आला की तो मुलाच्या खोलीत न ठेवता बैठकीत, सर्वांच्या नजरेत ठेवावा. महत्त्वाच्या फाईलींची एक प्रत दर आठवड्याला पेनड्राइव्हवर घेण्याची सवय मुलांना लावावी. त्या मार्चमध्ये आमच्याकडे अशी एक प्रत असती, तर शिक्षकांच्या दोन रात्री वाचल्या असत्या.

ज्यांना यंदा घेणे शक्य नाही त्यांनी मन लहान करू नये आणि कर्जही काढू नये. आठवीपर्यंत शाळेचे कोणतेही काम घरी संगणक नाही म्हणून अडत नाही, अडू देणारही नाही. शाळा सुटल्यावर एक तास संगणक कक्ष उघडा असतो. मुलांनी निःसंकोच यावे.

आणि जे घेणार आहेत त्यांनी दुकानातील पाटीचा फोनवर फोटो काढावा, पैसे न देता परत यावे आणि शनिवारी दुपारी आपल्या संगणक शिक्षकांना तो दाखवावा. पाच मिनिटांचे काम आहे. लॅपटॉप घेऊन आलेल्या त्या वडिलांनाही आम्ही हेच सांगितले. पुढच्या वेळी ते धाकट्या मुलीसाठी घेतील तेव्हा आधी येणार आहेत, असे सांगून गेले आहेत. आपणही आधी यावे.

— प्राचार्य